संकेतस्थळाचं पहिलं पान कुणासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिना लागला की तहसील कचेरीच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं आणि 'आपले सरकार' सेवा केंद्रं यांत पाय ठेवायला जागा नसते. बीड असो, केज असो, नाहीतर गेवराई, चित्र तेच. पोराला किंवा पोरीला पुढच्या वर्गात घालायचं असतं आणि बापाच्या तोंडी तीन शब्द असतात : उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि नॉन-क्रिमिलेअर.

आता गंमत पाहा. कचेरीच्या भाषेत डोमिसाईलचं नाव आहे 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. नॉन-क्रिमिलेअरचं नाव तर त्याहून लांबलचक. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याबाबतचं प्रमाणपत्र. नावं चुकीची नाहीत, कायद्याला ती तशीच लागतात. पण ज्याला दाखला हवा आहे तो या नावानं तो शोधणार नाही. आणि संगणकाच्या पडद्यावर त्याचा शब्द त्याला दिसला नाही, तर ती सेवा त्याच्यापुरती नाहीच.

सरकारी संकेतस्थळाच्या पहिल्या पानाबद्दल आज मला बोलायचं आहे, ते एवढ्यासाठीच. हे पान म्हणजे कचेरीचा उंबरठा. पण आपल्याकडे ते बहुतेक वेळा कचेरीच्या आतल्या मांडणीप्रमाणे बनतं. 'आपले सरकार' पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला मागायचा तर आधी विभागांच्या यादीतून महसूल विभाग निवडायचा, मग महसूल सेवा, मग दाखला. म्हणजे आपलं काम कोणत्या खात्याचं, हे आधी ठाऊक असायला हवं. सातबाऱ्याचंही तसंच होतं. महाभूलेखच्या संकेतस्थळावर कित्येक वर्षं पहिला प्रश्न असे तो महसुली विभागाचा : कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती की नागपूर? जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर त्यानंतर. पाटोद्याच्या शेतकऱ्याला त्याचा गट नंबर झोपेतही सांगता येतो. पण आपण कोणत्या महसुली विभागात राहतो, हे त्यानं कधी कशाला लक्षात ठेवावं?

जिल्ह्याच्या संकेतस्थळाकडे वळू. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याचं पान वेगळ्या धाटणीचं असे. आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, जिल्ह्यांसाठी एक समान साचा तयार केला आहे. बीडचं संकेतस्थळही त्याच साच्यातलं. अक्षर लहानमोठं करता येतं, मराठी-इंग्रजी बदलता येतं, मोबाइलवर पान नीट उघडतं. हे सगळं चांगलं आहे, आणि ते सहज झालेलं नाही. पण साचा म्हणजे कपाट. वरच्या कप्प्यात काय ठेवायचं, हा प्रश्न उरतोच. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या 25,85,049, ही माहिती स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला उपयोगी. दाखल्यासाठी आलेल्या बापाला तिचा काय उपयोग?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मुळातूनच हाताळला गेला. तिथल्या सरकारची डायरेक्टगव्ह आणि बिझनेसलिंक अशी मोठी संकेतस्थळं होती. ती मोडून ऑक्टोबर 2012 मध्ये गव्ह-डॉट-यूके हे एकच संकेतस्थळ सुरू झालं, आणि पुढे खात्यांची वेगवेगळी पानंही त्यात आली. काम करणाऱ्या चमूनं स्वतःसाठी जी तत्त्वं लिहून काढली, त्यांतलं पहिलंच असं, की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करायची, सरकारच्या गरजेपासून नव्हे. ऐकायला साधं वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की प्रत्येक मजकुराला विचारायचं : तू कुणाच्या कोणत्या कामाला येतोस? उत्तर आलं नाही तर त्याला पहिल्या पानावर जागा नाही.

आपल्या जिल्ह्यात हे करायचं तर पडद्यासमोर बसतो कोण, हे आधी पाहावं लागेल. पुष्कळदा तो अर्जदार नसतो, केंद्रावरचा मुलगा असतो. त्याला रोज पन्नास अर्ज भरायचे, त्याला झटपट वाट हवी. अर्जदाराची गरज निराळी. घरून निघण्यापूर्वी त्याला कळायला हवं, की कागद कोणते लागतात, फी किती, दाखला किती दिवसांत मिळणार आणि नाही मिळाला तर दाद कुठे मागायची. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ही मुदत आणि अपिलाची सोय दिलेली आहे. पण एका कागदासाठी आष्टीच्या टोकाच्या गावाहून दोनदा खेप पडली, की एका दिवसाची मजुरी बुडते, आणि ती कोणत्याच अपिलात परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. आठवडी बाजारात आंबा आणि बोरं एकाच वेळी पुढे मांडत नाहीत. तसं पानही महिन्याप्रमाणे बदलावं. जूनमध्ये दाखले वर, जुलैत पीक विमा, अतिवृष्टी झाली की पंचनामा आणि अनुदान. पीक विम्याच्या योजनेत कित्येक हंगाम असा नियम होता, की गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची. पाणी शेतात उभं असताना ती वाट संकेतस्थळाच्या चौथ्या पानावर सापडून काय उपयोग?

आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचं काय? कोयते घेऊन गाड्या निघण्याआधीच्या त्या पंधरा दिवसांत त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. रेशन कारखान्याच्या गावी मिळेल का? मुलांना मागे ठेवायचं तर कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत आहे. दुसऱ्यासाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. एक पुरवठा खात्याकडे, दुसरी सामाजिक न्याय विभागाकडे. 'ऊसतोडीला जाताय?' एवढ्या दोन शब्दांच्या प्रश्नाखाली दोन्ही एकत्र देता आल्या असत्या, तर आईनं खात्याची नावं शोधत बसायची गरज नव्हती.

एक अडचण सांगितलीच पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक सूचना म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा काढलेला फोटो. डोळ्यांना तो वाचता येतो, शोधयंत्राला येत नाही, आणि अंध माणसाला वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही नाही. मूळ कागद ठेवावा जरूर, पण त्याच्यावर चार ओळी साध्या मराठीत टंकून द्याव्यात. याला ना नवा साचा लागतो, ना निविदा. एक जाणता कारकून आणि रोजचा अर्धा तास पुरतो.

पान कसं झालं, हे तपासायला मोठी पाहणीही लागत नाही. सेवा केंद्राच्या रांगेतली पाच माणसं घ्यावीत. एखादी बचत गटातली बाई, एखादा म्हातारा, एखादी बारावीची मुलगी. हातात मोबाइल द्यावा आणि म्हणावं, "मावशी, यात उत्पन्नाच्या दाखल्याला काय लागतं ते शोधा बरं." मग आपण गप्प बसायचं. सांगायचा मोह होतो, पण सांगायचं नाही. अंगठा कुठे थबकतो आणि कुठे भलतीकडेच दाबला जातो, तेवढं कागदावर टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा दुरुस्त करायला घ्यायची.