मुरुमांची ट्यूब: सावकाश काम करणारी आणि घाईची

आम्ही शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. पण आठवी ते बारावीच्या मुलामुलींचे चेहरे रोज समोर असतात. पालकसभेत गुणपत्रिका बघून झाली की दुसरा प्रश्न बऱ्याचदा हाच असतो, "टीचर, हिच्या तोंडावर किती मुरुमं आलीत बघा, काय लावावं?" मग शेजारची दुसरी अम्मी सांगते की आमच्या खालाने एक ट्यूब दिली होती, आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. हे आठ दिवसच घात करतात, म्हणून आज थोडं सविस्तर.

मुरुम तेलकट खाल्ल्याने किंवा चेहरा अस्वच्छ ठेवल्याने येतो असं घरोघरी बोललं जातं आणि पोरं उगाच बोलणी खातात. खरी गोष्ट अशी की वयात येताना त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. त्यात मेलेल्या पेशी छिद्राच्या तोंडाशी चिकटतात आणि बूच बसतं. आत जंतू वाढतात, सूज येते. रेटिनॉइड हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध हे बूचच बसू देत नाही. म्हणून ते फक्त उठलेल्या पुटकुळीवर टिकलीसारखं लावायचं नसतं. जिथे मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा असतो, म्हणजे उद्या येणारा मुरुमही थांबतो.

यातली दोन नावं लक्षात ठेवा, अडापेलीन आणि ट्रेटिनॉइन. औषधं नवी नाहीत. अमेरिकेत ट्रेटिनॉइनला १९७१ मध्ये आणि अडापेलीनला १९९६ मध्ये मुरुमांसाठी मान्यता मिळाली. नवख्या त्वचेला डॉक्टर बहुतेक अडापेलीन ०.१ टक्के किंवा ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के यापासून सुरुवात करून देतात. आपल्याकडे ही चिठ्ठीवर घ्यायची औषधं आहेत, आणि नागपुरात त्वचारोग विभाग मेयोत आहे, मेडिकलमध्ये आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. मोमिनपुऱ्यातल्या लोकांना तर मेयो अगदी जवळ.

लावायची वेळ रात्रीची. इशाची नमाज झाली, आता पुन्हा तोंड धुवायचं नाही, तेव्हा. चेहरा टिपून पूर्ण कोरडा होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल पुरतं. जास्त लावलं तर लवकर गुण येत नाही, फक्त आग होते. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि नाकपुडीच्या बाजूची घडी सोडायची. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक रात्र आड, सहन झालं तर रोज. त्वचा कोरडी असेल तर आधी साधं मॉइश्चरायझर लावून त्यावर औषध लावलं तरी चालतं. खोबरेल तेल मात्र नको, त्याने छिद्रं बुजतात. केसांना चापून लावलेलं तेल कपाळावर उतरतं, त्यानेही.

पाच वेळच्या वुजूने नुकसान होईल का, हे आम्हाला हमखास विचारतात. साध्या पाण्याने होत नाही. साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदाच वापरा, बाकी वेळा नुसतं पाणी, आणि रुमालाने घासू नका, टिपा. दिवसा बाहेर पडण्याआधी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन हवंच. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधला म्हणून ते चुकत नाही. घामेजलेला स्कार्फ किंवा नकाब रोज धुतलेला असावा, घर्षणानेही मुरुमं वाढतात. आमच्या मते सुरुवात मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना करू नये. जुलै-ऑगस्ट बरा. आणि ईदच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये ब्लीच, वॅक्स करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी औषध थांबवा, नाहीतर सालटं निघतील.

आता अवघड भाग. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. कोरडा पडतो, सालं निघतात, आत दबलेली मुरुमं वर येतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. घरची माणसं नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ट्यूब फेकतात, त्यातही मुलीला बघायला पाहुणे येणार असतील तर नक्कीच. मग खालाची ट्यूब येते.

त्या ट्यूबवरही ट्रेटिनॉइन लिहिलेलं असू शकतं, इथेच फसगत होते. सोबत हायड्रोक्विनोन आणि एखादं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली झटक्यात बसते, रंग उजळतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल नसा दिसतात, गालांवर केस येतात, मुरुमं दुप्पट होतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानात ती मागितली की मिळतात. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव ट्यूबवर असेल तर ती मुरुमांसाठी नाही. इंग्रजी बारीक असतं, पोरांना वाचायला सांगा, त्यांना येतं. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद न करता आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं ती आणखी वाईट. २०२३ मध्ये आपल्या अकोल्याची बातमी आली होती. ब्युटिशियनकडून मिळालेली गोरं करणारी क्रीम एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींनी लावली, रंग उजळला, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास झाला. मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला तेव्हा क्रीममध्ये मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पारा निघाला.

एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलायला हवी. गरोदरपणात रेटिनॉइड लावायचं नाही, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच थांबवायचं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर पोटातल्या बाळात गंभीर व्यंग आणतात. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहता कामा नयेत. निकाह ठरलेली किंवा नुकतीच झालेली मुलगी असेल तर हे डॉक्टरांना तिने सांगायलाच हवं, आणि डॉक्टरांनी विचारलं तर अम्मीने रागवू नये.

दर महिन्याला एकाच खिडकीजवळ मोबाईलवर फोटो काढून ठेवा, रोज आरशात बघून फरक कळत नाही. बारा आठवड्यांनीही काही बदल नसेल तर डॉक्टरांकडे परत जा. खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर बारा आठवडेही थांबू नका. मुरुम गेल्यावर उरलेले काळे डाग आपल्या रंगाच्या त्वचेवर काही महिने राहतात. उन्हापासून जपलं तर ते हळूहळू फिके पडतात, त्यासाठी वेगळी गोरं करणारी क्रीम लागत नाही.