नाल्यात पाणी किती साठलं, एवढंच मोजून भागेल का?

पाणलोटाची कामं सेलू तालुक्याला नवीन नाहीत. बांधबंदिस्ती, सलग समतल चर, सिमेंट नाला बांध, खोलीकरण, शेततळी हे शब्द गावोगावी पाठ झालेत. आज मला एवढंच विचारायचं आहे की, काम चांगलं झालं हे आपण ठरवतो कशावरून?

बहुतेक अहवालांत दोन आकडे असतात. बांध किती झाले आणि साठवणक्षमता किती टीसीएम झाली. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. हे आकडे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण समजा, दहा टीसीएमच्या बांधात तीन टीसीएम गाळ भरला. आता क्षमता उरली सात. रजिस्टरमध्ये मात्र दहाच राहते. कारण आपण मोजलं ते बांधकाम. त्यानंतर नाल्याचं काय झालं, ते मोजलंच नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. सप्टेंबर 2020 मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. यावर बाजूने आणि विरोधात खूप बोललं गेलं. मला त्या राजकारणात जायचं नाही. माझा मुद्दा मोजण्याचा आहे. 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षं राज्यात दुष्काळाची होती, आणि 2016 ला पाऊस बरा झाला. आता 2015 ची विहीर आणि 2016 ची विहीर शेजारी ठेवली, तर पाणी वाढलेलं दिसणारच. ते बांधामुळे वाढलं की पावसामुळे? नुसतं 'आधी' आणि 'नंतर' बघून हे सांगता येत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की जोडीचा नाला निवडा. ज्यावर काम करायचं तो एक, आणि तशीच जमीन, तसाच उतार, तसाच पाऊस असलेला शेजारचा एक, जिथे काम होणार नाही. दोन्हीकडे काम सुरू होण्याआधीच नोंदी घ्यायला लागा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तेच महिने आपणही धरावेत, म्हणजे तुलना करता येते. आणि विहिरीच्या पातळीसोबत त्या वर्षाचा पाऊस लिहिलेलाच पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. पाणलोट आपल्याला फक्त साठलेलं पाणी देत नाही. 2005 मध्ये जागतिक पातळीवर एक मोठं मूल्यांकन प्रसिद्ध झालं, मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट. निसर्ग जे देतो त्याला त्यात 'परिसंस्था सेवा' म्हटलं आणि तिचे चार गट केले. आपल्या भाषेत सांगायचं तर, पाणी-चारा-मासे-सरपण ही झाली थेट मिळणारी वस्तू. पूर धरणं, माती अडवणं, पाणी गाळणं हे झालं सांभाळण्याचं काम. माती तयार होणं, अन्नद्रव्यांचं चक्र चालणं हा झाला पाया. आणि नदीकाठचं देवस्थान, पोहणं, सण हा झाला आपला जिव्हाळा.

अडचण अशी की यातली एक सेवा वाढवताना दुसरी कमी होऊ शकते. नाला खोल आणि सरळ केला की साठवण वाढते, हे खरं. पण काठावरचे करंज, उंबर, जांभूळ जेसीबीखाली गेले, दगडगोट्यांचा उथळ भाग गेला, तर मासे अंडी घालतील कुठे? काठाची माती धरून ठेवणार कोण? तीच माती पुढच्या पावसात बांधात येऊन बसते. गावाच्या ई-क्लास जमिनीचंही तसंच. ती पडीक आहे असं समजून आपण सरसकट चर खणतो, रोपं लावतो. पण तिथे पवन्या, मारवेल असं गवत असेल, तर आपल्या वर्धा जिल्ह्याच्या गवळाऊ गाईचं ते ताट आहे. गवत जाऊन कुसळी वाढली, तर अहवालात झाडं वाढलेली दिसतील आणि चारा घटलेला कुठेच दिसणार नाही.

मग मोजायचं काय? चार गोष्टी सांगतो. मोठं यंत्र लागत नाही.

एक, प्रवाह. पावसाळा संपल्यावर नाल्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा घ्या. वाळकी काडी सोडा, किती सेकंदांत पोहोचते बघा. पाण्याची रुंदी एक मीटर, सरासरी खोली दहा सेंटिमीटर आणि काडीला पन्नास सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर. तळाशी पाणी हळू वाहतं, म्हणून उत्तराला 0.8 ने गुणायचं. सेकंदाला 16 लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास 14 लाख लिटर. आणि नाला कोणत्या तारखेला आटला, ती तारीख दरवर्षी लिहा.

दोन, गाळ. बांधात एक खुणेची काठी कायमची रोवा. दर उन्हाळ्यात गाळ कुठवर आला ते वाचा.

तीन, पाण्यातले जीव. वाहत्या पाण्यातले दगड उलटून बघा. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं, मेफ्लायच्या अळ्या आहेत का? मेफ्लायसारख्या अळ्या घाण पाण्यात टिकत नाहीत. तिथे नुसत्या लाल अळ्याच उरल्या, तर पाण्यातला प्राणवायू कमी झालाय असं समजा.

चार, पक्षी आणि गवत. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, वर्षातून तीनदा. नीलपंख आपल्या वर्धा शहराचा शहरपक्षी आहे. तो किडे खातो आणि झाडांच्या ढोलीत घरटं करतो. काठावरची जुनी झाडं गेली की त्याची जागा जाते. गवतासाठी एक मीटरची चौकट टाकायची आणि आत कोणतं गवत किती, ते लिहायचं.

आपल्याच तालुक्यात बोर अभयारण्य आहे, 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे वाघ कॅमेऱ्याने मोजले जातात. जंगलाची हद्द संपली की मात्र मोजणं संपतं, आणि पाणलोटाची बहुतेक कामं तर हद्दीबाहेरच होतात.

हे कोण करणार? 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ती एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. त्याच वहीत या चार नोंदी दरवर्षी उतरवा. शाळेतली मुलं, गुराखी, मासे धरणारे यांना सोबत घ्या. नाला कधी आटला हे गुराख्याइतकं कुणाला माहीत असतं?

आपल्याच जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या काकडदरा गावाने 2017 चा वॉटर कप जिंकला. लहानशा गावाने श्रमदानातून ते करून दाखवलं. असा घाम गाळणाऱ्या गावाला आपल्या कामाचं पुढे काय झालं, हे दहा वर्षांनीही कळायला हवं. त्यासाठी यंदा जिथे काम होणार आहे, तिथली पहिली नोंद जेसीबी यायच्या आधी घ्या. ती नंतर कितीही पैसे देऊन मिळत नाही.