सुई खांद्यात चुकली तर भरपाई मागता येते का?



गेल्या मोसमात आपल्या एका रापणकार सभासदांना पाकटाचा काटा पायाला लागला. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला ते खाजगी दवाखान्यात गेले. सुई दंडात न मारता पार वर, खांद्याच्या हाडाजवळ मारली. पाय आठ दिवसांत बरा झाला, खांदा मात्र अडकला तो अडकलाच. सहा महिने झाले, हात कानाच्या वर जात नाही. आता दोर कसा ओढणार, आणि वाटा कुठून मिळणार?

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस दंड दुखतो, त्यात काही नाही. पण दोन दिवसांच्या आत खांदाच धरला आणि आठवडे गेले तरी हात उचलत नाही, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अमेरिकेत ही दुखापत २०१७ पासून लसीच्या भरपाईच्या सरकारी यादीत आहे. ४८ तासांत दुखणे सुरू झाले आणि सहा महिन्यांवर टिकले, की कोणाची चूक ते सिद्ध न करता तिथे पैसे मागता येतात. आपल्याकडे अशी यादी नाही. चूक आपल्यालाच दाखवावी लागते, आणि त्याला दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत लागते. ते मिळवणे सोपे नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

पैसे देऊन इंजेक्शन घेतले असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षांची. डॉक्टरला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते अशा सरकारी इस्पितळाविरुद्ध ग्राहक आयोग चालत नाही, तिथे दिवाणी कोर्ट.

आपल्या सभासदांनी पावती फेकून दिली होती! मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद सापडली म्हणून बरे. दुसरी अडचण कमाईची. आपल्याला पगार नसतो, वाटा असतो, मग बुडाले किती ते दाखवायचे कसे? त्यासाठी संस्थेच्या वहीतून मागच्या दोन मोसमांच्या मासळी विक्रीचा उतारा मी काढून दिला. रापणीच्या मालकांनी त्यांच्या वाट्याचा हिशोब सही करून दिला. म्हणून होडीमालकांनो, वाट्याची वही नावानिशी लिहा. तोंडी हिशोबावर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही.

एक सांगतो, हे वाचून कोणी इंजेक्शन टाळू नका. गंजलेला गळ किंवा काटा लागला तर धनुर्वात जीव घेतो. फक्त बाही पूर्ण वर करा, बसून घ्या, आणि सुई खांद्याच्या टोकाशी येत असेल तर "जरा खाली द्या" म्हणा. लाजू नका.

सभासदांची नोटीस पुढच्या आठवड्यात जाईल. अजून कोणाचा खांदा असा धरला असेल तर केसपेपर, एक्स-रे किंवा एमआरआय, औषधांची बिले आणि फोन घेऊन मंगळवारी संध्याकाळी कार्यालयात या.

आपला,
सचिव