काशीच्या मातीतून परतणारी वीज

वाराणसीच्या ७६५ केव्ही उपकेंद्राच्या लाइनवर एखादी तार जमिनीशी शॉर्ट झाली, तर बराचसा प्रवाह मातीतून परततो. पण किती खोलवरून?

डीसी असता तर दूरदूर पसरला असता. ५० हर्ट्झचा एसी मात्र तारेचा माग सोडत नाही, चुंबकीय क्षेत्र त्याला पांगू देत नाही. याचं गणित जॉन कार्सन यांनी १९२६ साली मांडलं, तेही टेलिफोन कंपनीत! त्याचं सोपं रूप असं: परतीची एक काल्पनिक तार तारेपासून ६५८ × √(मातीची रोधकता ÷ वारंवारता) मीटर अंतरावर, जमिनीखाली आहे असं समजा. गंगेच्या ओल्या गाळाला २५ ओहम-मीटर धरलं तर साधारण ४६५ मीटर. चुनारकडच्या वालुकाश्माला १००० धरलं तर जवळजवळ ३ किलोमीटर!

आता खरी गंमत. मातीमुळे वाढणारा रोध दोन्हीकडे जवळपास तेवढाच, किलोमीटरला सुमारे ०.०५ ओहम. वाईट जमिनीत प्रवाह जास्त जागा व्यापतो आणि हिशेब मिटतो. बदलतो तो इंडक्टन्स, तोही लॉगरिदममधून, म्हणजे हळूच. म्हणून रोधकतेचा अंदाज दुपटीने चुकला तरी दोषाचं अंतर मोजणारा रिले फारसा फसत नाही.