बेदाण्याला आधी पाजा

फळं आणि चॉकलेट घातलेली बेकिंगची लादी भट्टीत जाते, तेव्हा तिच्यात पाण्यावरून भांडण सुरू झालेलं असतं. सुका बेदाणा पाण्यासाठी हपापलेला असतो. त्याच्या अंगात जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास पाणी उरलेलं असतं आणि शेजारी ओलं पीठ दिसलं की तो ते शोषायला लागतो. मैद्याला फुलण्यासाठी तेच पाणी हवं असतं. तिसरं चॉकलेट. वितळलेल्या अवस्थेत त्याला पाण्याचे चार थेंबही सोसत नाहीत, लगेच त्याचा खरखरीत गोळा होतो. इटालियन पद्धतीच्या बारमध्ये, म्हणजे लादीसारखे थापून भाजायचे आणि मग वड्यांसारखे कापायचे त्या प्रकारात, फळं मद्यात भिजवून घालतात. हा भपका आहे, चैन आहे, असं पुष्कळांना वाटतं. माझं म्हणणं असं, की ती या भांडणातली मध्यस्थी आहे. नावापुरतं मद्य ओतून ती साधत नाही. फळाला भट्टीत जाण्याआधी पोटभर पाजलं तरच साधते.

इटलीच्या गोड पदार्थांकडे नीट पाहिलं तर हे काम कोणत्या मद्याला दिलं जाईल ते प्रदेशाप्रदेशाने ठरलेलं दिसतं. ईशान्येला, स्लोव्हेनियाच्या सीमेलगतच्या नातिझोने नदीच्या खोऱ्यांत ‘गुबाना’ नावाची गोगलगायीसारखी गुंडाळलेली पोळी करतात. तिच्यात अक्रोड आणि बेदाणे असतात, सारणात ग्रापा असते, आणि खाताना तुकड्यावर आलुबुखाराची दारू शिंपडायचीही रीत आहे. ग्रापा म्हणजे वाइनसाठी द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्याची ऊर्ध्वपातित दारू. जिथे वाइन भरपूर तिथे चोथाही भरपूर, त्यामुळे फळं भिजवायला ती हाताशीच असायची. सिसिलीत हेच काम मार्सालाकडे. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस हा इंग्रज व्यापारी मार्सालाच्या बंदरात आला, तिथली वाइन त्याला आवडली, आणि समुद्रप्रवासात ती बिघडू नये म्हणून त्याने तिच्यात स्पिरिट मिसळून ती इंग्लंडला धाडली. जहाजावर वाइन टिकवण्याची युक्ती आणि बरणीत बेदाणा टिकवण्याची युक्ती मुळात एकच आहे. सिसिलीच्या नैर्ऋत्येला पांतेल्लेरिया बेटावर ज्या द्राक्षाला ‘झिबिब्बो’ म्हणतात त्याचं नाव अरबी ‘झबीब’वरून आलं, आणि झबीब म्हणजे बेदाणाच. फ्लॉरेन्सकडच्या लालभडक ‘आल्केर्मेस’ची गंमत आणखी जवळची. हे मसाल्यांचं मद्य पूर्वी किड्यांपासून काढलेल्या रंगाने लाल होत असे. त्या किड्याचं अरबी नाव ‘किर्मिझ’, मूळ फारसी ‘किर्म’, आणि त्याचा सख्खा भाऊ आपला संस्कृत ‘कृमि’. मराठीत आपण ज्याला किरमिजी म्हणतो तो रंग आणि इटलीतल्या केकवर शिंपडायचं ते मद्य, दोघांची जन्मपत्रिका एकच निघते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पाव किलो बेदाण्याला साधारण शंभर मिलिलिटर मद्य पुरतं. ते किंचित कोमट करून ओतायचं, झाकण लावायचं आणि किमान रात्रभर विसरून जायचं. मार्सालात अल्कोहोल १७-१८ टक्के, बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे तिच्यातला बेदाणा लवकर टपोरा होतो. रम आणि ग्रापा ४० टक्क्यांच्या घरातल्या. त्यांच्यातला बेदाणा कमी फुगतो, पण चावला की आतून चटका देतो. साखरेत मुरलेली संत्र्याची साल मात्र फारसं पीत नाही, कारण ती साखरेने आधीच तुडुंब असते. (आपल्याकडची टुटीफ्रुटीही त्याच जातीची. नाव इटालियन, अर्थ ‘सगळी फळं’, आणि डब्यात असते एकटी कच्ची पपई.) सकाळी बरणीतलं सगळं चाळणीत ओतून निथळू द्यायचं. पुष्कळ लाद्या बिघडतात त्या या पायरीवर. घाईने ओली फळं तशीच पिठात ढकलली, की लोणी-चॉकलेटच्या मिश्रणात रस उतरतो, कापताना चिकट खड्डे सापडतात, आणि वरून ओतलेला चॉकलेटचा थर ओल्या फळाला धरत नाही. निथळलेली फळं चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवली की ती जागच्या जागी राहतात. चाळणीखाली साठलेलं मद्य फेकायचं नाही. त्याचं काम पुढे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं, भट्टी १७५ अंशांवर असते, मग सगळं उडूनच जात असेल, तर हा खटाटोप कशाला? ऐकायला बिनतोड, पण चुकीचं. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल सुटं उकळत नाही, दोघं मिळून हळूहळू जातात; शिवाय लादीच्या पोटातलं तापमान भट्टीइतकं कधीच चढत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते सांगतात, की पदार्थात मिसळून शिजवलेल्या मद्यातलं अल्कोहोल पंधरा मिनिटांनंतर सुमारे ४० टक्के उरतं, अर्ध्या तासानंतर ३५, तासानंतर २५, आणि अडीच तासांनंतरही ५. पदार्थागणिक हे आकडे हलतील, पण कल स्पष्ट आहे. मोठा फ्रूट केक दोन-अडीच तास भट्टीत असतो. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची लादी पंचवीस-तीस मिनिटांत बाहेर येते. म्हणजे बारमध्ये मद्याचा वाटा केकपेक्षा जास्त टिकतो, तेव्हा इथे मोजून घालायला हवं आणि खाणाऱ्याला आधी सांगायलाही हवं. ‘भाजल्यावर काही राहत नाही’ असं म्हणत मुलांच्या ताटात किंवा व्रतस्थ माणसाच्या हातात हा तुकडा ठेवणं मला सरळसरळ फसवणूक वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बेदाण्याची तहानच भागवायची, तर संत्र्याच्या रसाने किंवा कोऱ्या चहाने का नाही? भागते, हे मान्यच केलं पाहिजे. पीठ कोरडं पडण्याचा प्रश्न रसानेही सुटतो, आणि जे मद्य घेत नाहीत त्यांनी तोच वापरावा. रम इसेन्सच्या बाटलीपेक्षा ताजा रस कितीतरी बरा. पण दोन गोष्टी रसाला जमत नाहीत. एक म्हणजे वास. सालीचं तेल, लवंग-दालचिनी, व्हॅनिला यांतले सुगंधी घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत, अल्कोहोलात सहज विरघळतात; व्हॅनिलाच्या शेंगांचा अस्सल अर्क काढतात तोही अल्कोहोलातच. त्यामुळे मद्यात भिजलेलं फळ शेजारच्या सालीचा वास पिऊन घेतं, रसात भिजलेलं फक्त फुगतं. दुसरी गोष्ट टिकण्याची. रसातला बेदाणा दोन-तीन दिवसांत आंबायला लागतो, रममधला महिनोन्‌महिने राहतो. गोव्यात आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या कितीतरी आधी बरण्या भरून ठेवतात, त्यामागे हाच हिशेब आहे. ऐन सणाच्या गर्दीत भिजवत बसायला वेळ कुणाला असतो?

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: ट्रेमध्ये भाजून बार कापणं इटालियन नव्हेच. बरोबर आहे. हा आकार इंग्रजी-अमेरिकी स्वयंपाकघरांतला. इटलीत याच जिन्नसांचे गोल, जाड किंवा गुंडाळलेले पदार्थ होतात. पण आकार उसना घेतल्याने नातं तुटत नाही. काजूकतलीचा चौकट आकार हाच तिचा धर्म, असं कुणी म्हणत नाही. पाजणं, निथळणं, शिंपडणं हा क्रम पाळला, की पदार्थाची चाल इटालियन राहते. तो मोडला आणि नुसती डब्यावरची चेरी पेरली, तर तिरंगी झेंडा टोचूनही उपयोग नाही.

भट्टीतून लादी काढल्यावर ती गरम असतानाच, चाळणीखालचं मद्य ब्रशने वरून फिरवायचं. हे भाजलं जात नाही, म्हणून त्यातलं अल्कोहोल बरंचसं तसंच राहतं; मुलांसाठीच्या लादीत फळंही रसातली आणि हा हातही रसाचा. मग पूर्ण गार होऊ द्यायची, वितळवलेल्या काळ्या चॉकलेटचा पातळ थर द्यायचा आणि तो घट्ट होईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कोरडी करून चालवायची, नाहीतर पाण्याच्या थेंबाने तिथेही चॉकलेट रुसतं. आधी चारी कडांची पट्टी कापून बाजूला ठेवतात. वड्या सरळ दिसाव्यात म्हणून ते करतातच, पण पारख करायलाही ती पट्टी कामाची असते. कडेला पृष्ठभागातून डोकं वर काढलेला बेदाणा जर काळा, कडक आणि कडू लागला, तर रात्रभराचं भिजवणं दोन तासांवर उरकलेलं असतं. तो मऊ आणि चकचकीत असला, तर मधल्या वड्या चाखून बघायची गरज नसते.