क्रिम्झन आणि किरमिजी

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला ‘क्रिम्झन’ हा शब्द आला. ‘रेड’ आम्हां सर्वांना ठाऊक. पण हा कोणता लाल? सरांनी विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले, “किरमिजी!” आजीच्या लुगड्याच्या काठाला घरात किरमिजी म्हणतात, एवढेच मला माहीत. मागच्या बाकावर हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, “क्रिम्झनचा खेडवळ अपभ्रंश!” कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. मला ते खरे वाटले. त्यानंतर वर्षभर तासाला मी तोंड उघडले नाही.

यंदा ग्रंथालयात मोठा शब्दकोश चाळताना उलगडा झाला. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकच्या एका काटेरी पानांच्या जातीवर बारीक किडे वाढतात. त्यांच्या माद्या वाळवून त्यांपासून गर्द लाल रंग काढीत. या किड्याला अरबीत ‘किर्मिझ’ म्हणत. त्याचे मूळ फारसी ‘किर्म’, म्हणजे किडा. आणि ‘किर्म’ व आपला संस्कृत ‘कृमि’ एकाच कुळातले. हा अरबी शब्द स्पॅनिश व लॅटिनच्या वाटेने पंधराव्या शतकात इंग्रजीत पोचला आणि ‘क्रिम्झन’ झाला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि ‘किरमिजी’ झाला. म्हणजे अपभ्रंश कोणीच कोणाचा नव्हे, दोघे चुलतभाऊ!

पुढे 1521 मध्ये स्पेनने मेक्सिको जिंकला. तेथील निवडुंगावरच्या किड्यांचा रंग अधिक जोरकस निघाला, तेव्हा ओकवरचा किडा मागे पडला. 1856 मध्ये पर्किनने डांबरापासून रंग बनविला आणि हळूहळू कापडाच्या रंगाला किडाच लागेनासा झाला. आजीच्या लुगड्याचा रंगही कारखान्यातलाच असणार. रंग बदलला, नाव मात्र टिकले.

सुट्टीत आजीला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे तुमच्या इंग्रजीतही किडेच की रे!”

आता मी तासाला पुन्हा बोलतो. माझ्यासारखे जे मित्र घरचा शब्द ओठावर येताच गिळून टाकतात, त्यांना एवढेच सांगणे : गिळण्यापूर्वी एकदा कोश उघडून पाहा.