जुन्या एंजिनाचा जोर कसा वाढवतात?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात वाढणाऱ्या मुलाची एंजिनाशी पहिली ओळख बहुधा कानाने होते. विहिरीवरचे ऑइल एंजिन चालू झाले की त्याची फटफट दोन शेते ओलांडून ऐकू येते. विजेचे पंप आल्यापासून ही एंजिने कमी झाली, पण पुरती गेली नाहीत. दिवाळी सरली की दुसरा आवाज सुरू होतो, तो ट्रक आणि ट्रॅक्टरांचा. जिल्ह्यातली ऊसतोडीची कुटुंबे चूल-भांडी, कोयते आणि लेकरे घेऊन त्यांतूनच दूरच्या कारखान्यांकडे निघतात. भरलेली गाडी चढाला लागते, एंजिन कण्हू लागते, आणि कोणीतरी म्हणतोच, “याचा जोर थोडा वाढवता आला असता तर!”

जोर वाढवता येतो. इतकेच काय, तो वाढवणे हाच ज्यांचा छंद आहे अशी माणसे जगात आहेत. अमेरिकेत त्यांच्या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. जुनी, स्वस्तात मिळालेली मोटार किंवा मागे उघडा हौदा असलेला छोटा मालट्रक घ्यायचा, घरामागच्या पडवीत तो पार खोलायचा आणि त्याचे एंजिन मूळच्यापेक्षा जोरकस करून पुन्हा जोडायचे. कॅलिफोर्नियातली कोरडी पडलेली तळी ही या छंदाची जन्मभूमी. तिथल्या सपाट तळांवर तरुण आपल्या गाड्या पळवून पाहत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली. पुढे १९४८ च्या जानेवारीत या छंदाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले.

आजही हे छंदिष्ट सुटीच्या संध्याकाळी एखाद्या मोकळ्या जागी गाड्या आणून उभ्या करतात. या मेळाव्याला ते ‘क्रूझ-इन’ म्हणतात. तिथे शर्यत नसते. बॉनेट उघडे टाकायचे, एंजिन दाखवायचे, दुसऱ्याचे पाहायचे आणि चर्चा करायची. आपल्याकडे पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या निघतात तेव्हा जाणती माणसे शिंगे, खांदा, चाल न्याहाळत उभी राहतात. तसाच काहीसा हा प्रकार.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एंजिनातून जोर निघतो तो इंधन जळाल्यामुळे, हे आपण शाळेत शिकलो. मग जास्त जोर हवा तर जास्त इंधन ओतावे, हे सरळ उत्तर वाटते. ते चूक आहे. पेट्रोल जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम, म्हणजे त्याला ११ किलोग्रॅम हवा हवी. १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले तर ही हवा ९००० लिटरांहून अधिक भरते! तेवढी हवा न देता नुसते इंधन वाढवले तर काळा धूर तेवढा वाढेल. चढावरच्या ट्रकच्या मागे तो आपण पुष्कळदा पाहिला आहे. हॉट रॉडवाल्यांच्या बहुतेक साऱ्या युक्त्या या एकाच गोष्टीपाशी येतात: एंजिनाला जास्त हवा कशी घ्यायला लावायची?

त्यांचे आवडते जुने एंजिन म्हणजे फोर्ड कंपनीने १९३२ साली काढलेले आठ सिलिंडरांचे व्ही-८. त्याच्या सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे ३.६ लिटर, आणि मिनिटाला ३४०० फेऱ्यांवर ते ६५ अश्वशक्ती देई. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. म्हणजे मिनिटाला १७०० वेळा ३.६ लिटर. हिशेब केला तर सेकंदाला १०० लिटरांहून थोडी जास्त हवा येते. तेलाचे २०० लिटरांचे पिंप दोन सेकंदांत रिकामे करण्यासारखेच हे काम! प्रत्यक्षात सिलिंडर इतका पूर्ण भरत नाही. हवेला अरुंद, वळणावळणाच्या नळ्यांतून आणि झडपांच्या फटींतून घुसावे लागते, आणि ती वाटेत अडते.

ही अडचण दूर करण्यासाठी छंदिष्टांनी एका कार्ब्युरेटरऐवजी दोन-तीन बसवले, नळ्या रुंद आणि गुळगुळीत केल्या, धूर बाहेर नेणारे नळही मोकळे केले. आतला धूर पुरता निघाला नाही तर नव्या हवेला जागा कुठली मिळणार? सगळ्यांत मजेदार युक्ती झडपांची आहे. झडपा उघडमीट करणाऱ्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. दट्ट्या खाली जाताना हवा आत येते, म्हणून तो तळाशी पोचताच झडप मिटावी असे आपल्याला वाटेल. पण हवेलाही वस्तुमान आहे. एकदा वेगाने आत निघालेली हवा लगेच थांबत नाही. एसटीच्या दारात रेटा असला की कंडक्टरने घंटी मारली तरी दोन-चार माणसे आत शिरतातच ना? तसेच दट्ट्या वर फिरला तरी थोडा वेळ हवा घुसत राहते. म्हणून हॉट रॉडवाले झडप उशिरा मिटणारा कॅमशाफ्ट घालतात.

मात्र हा फायदा एंजिन वेगात असतानाच. मंद गतीत हवेला रेटा नसतो. झडप उघडी राहिली तर वर येणारा दट्ट्या आलेली हवा परत ढकलून देतो. क्रूझ-इनमध्ये उभ्या गाड्यांचे एंजिन अडखळत, गुरगुरत चालते, त्याचे एक कारण हेही आहे. तिथे लोक त्या आवाजावर खूश असतात! उसाच्या गाडीत मात्र असा कॅमशाफ्ट घातला तर चढावर, जिथे फेरे कमी आणि ओढ जास्त हवी, तिथेच ती मान टाकेल.

हे नीट समजण्यासाठी विहिरीवरच्या एंजिनाशी तुलना करून पाहू. किर्लोस्करांच्या एव्ही-१ जातीच्या एंजिनाला एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर. वृत्तचितीच्या सूत्राने आकारमान ५५३ घन सेंटिमीटर येते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ते ५ अश्वशक्ती देते. म्हणजे दर लिटरला सुमारे ९ अश्वशक्ती. फोर्डच्या एंजिनाची दर लिटरला १८. दुप्पट! पण फोर्डचे फेरेही सव्वादोन पट आहेत. एका फेऱ्यामागे दर लिटरला मिळणारे काम काढले तर दोन्ही जवळजवळ सारखीच निघतात. आपले डिझेल किंचित पुढेच आहे. तेव्हा अश्वशक्ती वाढली याचा अर्थ दर फेऱ्याची ओढ वाढली असा नव्हे. पुष्कळदा नुसते फेरे वाढलेले असतात.

आणि फेरे फुकट वाढत नाहीत. प्रत्येक धावेच्या टोकाला दट्ट्या थांबून उलटा फिरतो. फेरे दुप्पट झाले तर त्याला थांबवायला आणि पळवायला लागणारे बल चौपट होते. ते सारे दट्ट्याच्या दांड्यावर आणि बेअरिंगवर येते. विहिरीवरचे एंजिन वर्षानुवर्षे टिकते त्याचे एक कारण ते घाई करत नाही.

फेरे न वाढवता ओढ वाढवायची असेल तर हवा दाबून भरावी लागते. गंमत अशी की यासाठी हॉट रॉडवाल्यांनी हात पसरला तो ट्रकांपुढेच. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या दोन धावांच्या डिझेल एंजिनांवर, जी ट्रक आणि बसमध्ये असत, हवा फुंकणारा एक पंखा असे. रूट्स नावाच्या दोन भावांनी अशा फुंकणीचे पेटंट १८६० साली घेतले होते. मोडीत गेलेल्या एंजिनांवरून या फुंकण्या काढून छंदिष्टांनी आपल्या गाड्यांवर चढवल्या. आजच्या ट्रकांत हेच काम टर्बोचार्जर करतो; त्याला फिरवायला बाहेर जाणारा धूरच पुरतो.

या छंदातली एक गोष्ट आपल्या मेस्त्रींनी जरूर घ्यावी असे मला वाटते. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळ्यांनी ओढले जात. कंपनीने १९३९ साली तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले, आणि लगोलग हॉट रॉडवाले ते काढून जुन्या गाड्यांना बसवू लागले. एंजिन वाढले तर ब्रेक वाढलाच पाहिजे, हे त्यांना कळले होते. आपल्याकडे एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडतात आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. गतिज ऊर्जेचे सूत्र मांडून पाहा. ओझे दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट. वेग ताशी २० किलोमीटरवरून ३० वर गेला तर ऊर्जा सव्वादोन पट. दोन्ही एकदम केले तर साडेचार पट, आणि ती सारी उतारावर ट्रॅक्टरच्या ब्रेकने जिरवायची! आणि कित्येकदा त्याच उसावर माणसे बसलेली असतात. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बंदी आहे आणि एंजिन बदलायचे तर नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते, ती उगीच नव्हे.

पुष्कळ एंजिनांवर एक छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर बहुधा अश्वशक्ती आणि फेरे लिहिलेले असतात. एंजिन बंद असताना ती पट्टी वाचा, मेस्त्रींना विचारून सिलिंडरचा व्यास आणि धाव टिपून घ्या, आणि वरच्याप्रमाणे दर लिटरची अश्वशक्ती काढा. विहिरीचे, ट्रॅक्टरचे आणि गुरुजींच्या मोटारसायकलचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कोण फेऱ्यांवर जगतो आणि कोण ओढीवर, ते लगेच दिसेल.